चिठ्ठीवरची तारीख

झाशी जिल्ह्यातल्या गरौठ्यात एक अण्णा राहत असत. त्यांचे पूर्वज पेशवाईत गोविंदपंत बुंदेल्यांच्या मागोमाग या मुलखात आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर बुंदेली, अशी त्यांच्याकडची रीत. अण्णांची धान्याची आडत होती. हरभरा, मसूर मुठीत घेऊन ते त्यातली ओल सांगत.

अण्णांना साखरेचा आजार बरीच वर्षं होता. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या. शेवटी झाशीचे डॉक्टर म्हणाले, "आता इन्सुलिन सुरू करू या." अण्णांनी चिठ्ठीची घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि घरी येऊन सांगितलं, "गोळ्याच चालू ठेवायच्यात."

टोचण्याला ते भीत नव्हते. पण त्यांच्या थोरल्या भावाला दवाखान्यात इन्सुलिन दिलं होतं आणि आठवड्यातच ते गेले होते. सुई लागली की माणूस आटोपला, हे तेव्हापासून अण्णांच्या मनात घर करून बसलं. बाजारातही तेच कानावर येई. एकदा लागली की सुटत नाही, डोळे जातात, शेवटचा इलाज आहे तो. अण्णांनी कडू चूर्णं घेतली, एकादशा कडक केल्या. बघता बघता वर्ष गेलं.

ऐन जेठातल्या दुपारी ते अनवाणी देवळात जाऊन आले. संध्याकाळी वहिनी ओसरी पुसत होत्या. त्यांना फरशीवर पाणचट लालसर डाग दिसले, पावला-पावलाच्या अंतरावर. डागांचा माग काढत त्या गेल्या, तो अण्णांच्या खाटेपाशी संपला. तळव्याची कातडी भाजून सोलवटली होती आणि अण्णा निवांत पेपर वाचत पडले होते. वहिनींनी अंगठ्याला चिमटा काढला. अण्णांची मान वर झाली नाही.

वहिनी म्हणजे त्या गेलेल्या थोरल्या भावाच्या पत्नी. त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन ट्रंक उघडली आणि एक पिवळी पडलेली चिठ्ठी आणून त्यांनी दिराच्या हातात ठेवली.

"भावजी, ही ह्यांची. वरची तारीख वाचा."

अण्णांनी वाचली. भाऊ गेले त्याच्या तीन वर्षं आधीची तारीख होती. खाली इन्सुलिन लिहिलेलं होतं.

"कुणाला सांगू नकोस, अशी शपथ घातली होती मला," वहिनी म्हणाल्या. "मी पाळली. पुढे पाय काळा पडला, किडन्या गेल्या, तेव्हा कुठे सुई आली. ती काय करणार होती आठ दिवसांत? सुईनंच घात केला असं लोक म्हणाले, तेही मी ऐकून घेतलं. तुमच्या बंडीतली चिठ्ठी धुताना सापडली, तेव्हाच बोलायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं दोघं झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजात गेली. डॉक्टरांनी पाय धुऊन पट्टी केली आणि मग समोर बसून सांगितलं. इन्सुलिन शरीर स्वतःच बनवतं, पोटातल्या स्वादुपिंडात. ते पिंड वर्षानुवर्षं थकत जातं. ते फारच थकलं की गोळ्या पुरत नाहीत, मग वरून भर घालावी लागते. डोळे जातात ते वाढलेल्या साखरेनं.

"सवय लागेल का?" अण्णांनी विचारलं.

"ते तर जन्मापासून लागतंय तुम्हाला," डॉक्टर म्हणाले. त्यांनी टोरोंटोच्या एका मुलाची गोष्ट सांगितली. चौदा वर्षांचा लिओनार्ड थॉम्पसन उपासमारीच्या पथ्यानं हाडांचा सापळा झाला होता, कारण तेव्हा दुसरा उपायच नव्हता. जानेवारी 1922 मध्ये इन्सुलिनची सुई घेणारा तो पहिला रुग्ण. पुढे तो तेरा वर्षं जगला.

नर्सबाईंनी लाल टोपणाची सिरिंज दाखवली, पोटाची कातडी चिमटीत धरायला शिकवलं, रोज जागा बदलायला सांगितलं. सुई घेऊन जेवण चुकवायचं नाही. हात थरथरले, घाम फुटला तर लगेच साखर खायची. उपासाचं आधी विचारायचं. गरौठ्यात वीज जाते, हे ऐकून त्या म्हणाल्या, "मग माठ करा."

वहिनींनी मोठ्या मडक्यात लहान मडकं बसवलं, मधे वाळू भरून ती ओली ठेवली. कुपी कोरड्या डबीत घालून आत ठेवली. पहिल्या सकाळी अण्णांनी डोळे मिटून घेतले. "टोचा," ते म्हणाले. "झालं," वहिनी म्हणाल्या.

जखम भरायला दोन महिने लागले. तळव्याची जाणीव मात्र परत आली नाही. ती त्या गेलेल्या वर्षाबरोबर गेली.

चार माणसं उशीर करतात, औषध अखेरच्या दारी येतं आणि दोषही त्यालाच लागतो. हे असं घरोघर घडतं, कारण मृत्यू सगळ्यांना दिसतो आणि खिशातली चिठ्ठी कुणाला दिसत नाही.

पुढे आडतीवर एक पल्लेदार आला. त्यालाही सुई लिहून दिली होती. अण्णांनी त्याला आत बोलावलं, सदरा वर करून पोट दाखवलं आणि कधी लिहून दिली ते विचारलं. तो म्हणाला, होळीला. अण्णांनी गादीवर आपल्या मुलाला बसवलं आणि पल्लेदाराबरोबर झाशीची बस धरली.