रात्री ड्यूटीवर कोण होतं?

चार वर्षांमागे आमच्या घरची दिवाळी इस्पितळात झाली. अण्णा न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचे हाड मोडून बसले. वसुबारसेला शस्त्रक्रिया झाली. नरकचतुर्दशीच्या रात्री मी त्यांच्या खाटेखाली चटई टाकून पडलो होतो. आपल्याकडे रोग्याजवळ घरचे एक माणूस लागतेच. पाणी द्यायला, भांडे लावायला, सलाइन संपत आले की हाक मारायला. ह्या माणसाचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते, पण त्याच्या जिवावरच वॉर्डाचा गाडा चालतो.

त्या वॉर्डात ३६ खाटा होत्या आणि रात्रीला एक सिस्टर. मदतीला एक मावशी. समोरच्या खाटेवर एक म्हातारबा होते, त्यांच्याजवळ कोणी नव्हते. दोनच्या सुमारास त्यांनी "सिस्टर" म्हणून हाक मारली. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. सिस्टर पार टोकाला, श्वास अडखळलेल्या एका रोग्यापाशी होती. मी हाका ऐकत होतो. उठलो नाही, ते माझे काम नव्हते. म्हातारबा आपले आपण उतरायला गेले आणि पडले. कपाळ फुटले.

सकाळी मोठे डॉक्टर आले. त्यांचा पहिलाच प्रश्न : "रात्री ड्यूटीवर कोण होतं?" मी पुढे होऊन सांगितले, तीनदा हाक मारूनही सिस्टर आली नाही. त्यांनी ते माझ्याकडून लिहून घेतले. मी खोटे बोललो नव्हतो, आणि खरी मेख हीच होती.

त्यानंतर पुष्कळदा मनात येते, की प्रश्न "कोण होतं?" असाच का विचारला गेला, "किती होत्या?" असा का नाही? नीतिशास्त्राच्या पुस्तकांत एक होडीचे उदाहरण असते. होडीत माणसे जास्त झाली आहेत, ती बुडणार. तर कोणाला पाण्यात लोटावे? ह्यावर विद्वानांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. आमच्या कोकणातला तरवाला मात्र आधी विचारील, "एवढी माणसं बसवली कुणी?" दोन रोग्यांनी एकदम हाक मारल्यावर सिस्टरने कोणाकडे धावावे, हा प्रश्न तसाच आहे. तो सुटत नाही, कारण तो तिच्यापुढे ठेवला जाण्यापूर्वीच कोणीतरी, कोठल्यातरी कचेरीत, भर दुपारी, एक आकडा लिहून सोडवून टाकलेला असतो. आकडा लिहिणाऱ्याला हाक ऐकू येत नाही. ऐकू येते तिला, आणि निवड तिला करावी लागते. निवडीचे पापही मग तिच्याच पदरात.

साधा हिशोब करून पाहा. ज्याला हलता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. अशी दहाच माणसे वॉर्डात आहेत असे धरा, आणि प्रत्येकाला पाच मिनिटे. पन्नास मिनिटे गेली. उरलेल्या सत्तर मिनिटांत ३६ जणांची औषधे, सुया, ताप, नाडी, लघवीचे माप, नोंदवह्या. आणि मध्येच कोणाचा तरी श्वास अडखळणार! काहीतरी राहणारच. आणि राहते ते बहुधा पाहणे. रोगी एकदम बिघडत नसतो. आधी जरासा बरळतो, श्वास जलद होतो. ते पहिल्यांदा दिसायचे ते सिस्टरला. तिला तीन तास तिकडे फिरकताच आले नाही, तर जे औषधाने भागले असते ते जिवावर बेतते.

हे नुसते माझ्या मनचे नव्हे. २००२ साली लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ इस्पितळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेले २ लाख ३२ हजारांवर रोगी त्यात होते. परिचारिकेमागे सरासरी एक रोगी वाढला, की महिन्याभरात मृत्यू ओढवण्याचा संभव सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. आणि परिचारिकेचे मनच करपून जाण्याचा संभव २३ टक्क्यांनी. २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांच्या पाहणीतही तोच ७ टक्क्यांचा आकडा आला. अशा पाहणीतून कार्यकारण पुरते सिद्ध होत नाही, हे मान्य. पण कॅलिफोर्नियाने तेवढ्यासाठी वाट पाहिली नाही. १९९९ साली तिथे कायदा झाला, २००४ पासून तो अमलात आला, आणि २००५ पासून साध्या वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचांहून जास्त रोगी देता येत नाहीत. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेचे मानकही साध्या इस्पितळात पाचांना एक असेच आहे. मानक कागदावर आहे. छत्तिसांना एक मी डोळ्यांनी पाहिली.

पैसा कोठून आणायचा, असे कोणी म्हणेल. प्रश्न खरा आहे, हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण वाचवलेला पैसा कोणाच्या खिशातून येतो तेही बोलावे. माझ्यासारख्याच्या रजेतून येतो, सिस्टरच्या पाठीच्या कण्यातून येतो, आणि ज्याच्याजवळ कोणी नाही त्याच्या कपाळातून.

आणि सेवाभावाचे म्हणाल, तर त्या शब्दाची मला आता धास्तीच वाटते. मे महिन्यात आपण परिचारिकादिनी त्यांना देवता म्हणतो, गुलाबाचे फूल देतो. देवतेला पगार आणि जोडीदारीण लागत नाही, ही त्यातली सोय. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा दिवा सर्वांना ठाऊक. पण १८५४ साली त्या स्कुटारीला गेल्या त्या एकट्या नव्हे, ३८ परिचारिका बरोबर घेऊन. आणि परतल्यावर त्यांनी मेलेल्या शिपायांचे आकडे मांडून सरकारपुढे ठेवले. आपण त्यांचा दिवा तेवढा उचलला, वही तिथेच राहिली.

पाडव्याच्या पहाटे तीच सिस्टर ड्यूटीवर होती. साडेपाचला तिला टेबलाशी बसायला सवड झाली, तेव्हा ती मेमोचे उत्तर लिहू लागली. शेजारी आदल्या दिवशी वाटलेला फराळाचा पुडा तसाच दोऱ्याने बांधलेला होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. पहिलेच वाक्य दिसले : "रात्री दोन वाजता मी १९ नंबरच्या खाटेपाशी होते."

"सिस्टर, खाली मी सही करू का?" मी विचारले.

"काका, तुमचं म्हणणं आधीच जोडलंय त्याला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "जरा हात लावता का? अण्णांची कूस बदलायची वेळ झाली."

आम्ही दोघांनी अण्णांना वळवले. १९ नंबरचा रोगी त्या वेळी उठून बसला होता आणि बशीत चहा ओतून त्यावर फुंकर घालीत होता.