फल्लीदाण्याची वडी

अकोला-पूर्णा लोहमार्गावरच्या जऊळक्याला गाडीची वाट पाहताना लेकराने हट्ट धरला, की आपण चकचकीत वेष्टनातली वडी घेऊन देतो. वर लिहिलेलं असतं, ‘धान्यविरहित’. आपल्याकडे एकादशीला धान्य वर्ज्य. तेव्हा हे पथ्य आपल्याला नवं नाही.

तशी वडी घरीच करू. भाजलेले फल्लीदाणे घ्या, हातावर चोळून टरफलं पाखडा. मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा. सलग फिरवलात तर दाण्याला तेल सुटून लगदा होतो. थोडं तेल मात्र सुटायलाच हवं, वडी त्यानेच धरते. मऊ गूळ किंवा बिया काढलेला खजूर आणि वेलदोडा घालून मळा. तूप लावलेल्या ताटलीत थापा, घट्ट झालं की सुरीने कापा. पाक नाही, भट्टी नाही. तीळही घालता येतो, पण तो उपवासाला चालतो की नाही, यावर घरोघरी वेगळा कायदा! आजीला विचारलेलं बरं.

एक सांगून ठेवते: गूळही शेवटी साखरच. मधुमेह असलेल्यांनी ‘घरचं आहे’ म्हणून चार वड्या उचलू नयेत. आणि दाण्याला खवट वास आला, तर वेलदोड्याने तो लपत नाही.