छर्रा नसलेला नेम

पाय कसा मोडला, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे: रस्त्यावर ऑइल सांडलं होतं, स्कूटर घसरली. ऑइल होतं, हे खरंच. पण मी उलट्या बाजूने येत होतो, हे कालपर्यंतच्या दीड महिन्यात एकालाही सांगितलं नव्हतं. नेमबाजीच्या रेंजवर पोचायला उशीर झाला होता आणि यू-टर्न अर्धा किलोमीटर पुढे होता. एवढंच कारण.

घोटा मोडला, प्लास्टर चढलं, जिल्हा स्पर्धा हुकली. दहा मीटर एअर पिस्तूल हे माझं चाळिशीत लागलेलं वेड. स्पर्धा हुकल्याची हळहळ मी सगळ्यांना ऐकवली. आतून मात्र हायसं वाटलं होतं. रेंजवर येणारी कॉलेजातली एक मुलगी काही महिन्यांपासून माझ्या पुढे जात होती. तिच्याकडून हरण्यापेक्षा प्लास्टर बरं, असं वाटलं असेल का मला? असेल कसलं, वाटलंच.

मग घरी ड्राय सुरू केलं. ड्राय म्हणजे छर्रा न भरता सराव. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करायची, कोऱ्या भिंतीकडे रोखायचं, ट्रिगर दाबायचा, ‘टिक्’ एवढाच आवाज. पाय स्टुलावर आणि मी खुर्चीत. पहिल्याच दिवशी कारोली टाकाच आठवला. हंगेरीचा हा पिस्तूल नेमबाज. १९३८ मध्ये लष्करी सरावात हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने गुपचूप डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. आपलंही तसंच चाललंय, असं मी मनात म्हणून घेतलं. कुठे तो आणि कुठे उलट्या बाजूने घुसणारा मी! तेव्हा हसूसुद्धा आलं नाही मला.

स्पर्धेत साठ शॉट असतात, म्हणून घरीही साठ. फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा काटा, हलली नाही तर वहीत बरोबरची खूण, हलली तर फुली. पहिल्या संध्याकाळी बरोबर आले ५३. माझी मुलगी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, “बाबा, भोकच पडत नाही, मग बरोबर आलं हे ठरवतं कोण?”

मीच ठरवतो, असं म्हणताना माझा आवाज खाली आला.

दुसऱ्या दिवशी नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायला तिला सांगितलं. हा सराव मी नवशिक्यांना कितीदा सांगितलाय, स्वतः मात्र कित्येक वर्षांत केलेला नाही. टिक्. नाणं खणकन फरशीवर. पंखा बंद केला. पुन्हा खण्. नाणं गुळगुळीत झालंय, दुसरं आण. पुन्हा तेच. साठातले २९ टिकले. रेंजवर छर्रे खराब, दिवे मंद, शेजारचा खोकला असं म्हणता यायचं. बसल्या जागी, मोडलेल्या पायालासुद्धा दोष देता येईना.

नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा दाब लागतो. हा अर्धा किलो हळूहळू, सारखा वाढवत न्यायचा. मी काय करतो? फोरसाइट क्षणभर स्थिर दिसली की ‘आत्ताच!’ म्हणून बोट ओढतो. तो अर्धा किलोमीटर वाचवणाराही हाच ‘आत्ताच’ नव्हता का?

की हेही नुसतं छान जुळवून आणलेलं वाक्य आहे? चुकीचं तत्त्वज्ञान केलं की चूक जरा भारदस्त दिसते. ही खोडही माझीच. समोरून कुणी पोरगं सायकलवर येत असतं तर? ते आलं नाही, यात माझं काहीच कर्तृत्व नाही. इतकं तरी आता स्वच्छ दिसतं.

काल मुलीला खरं काय ते सांगितलं. ती जरा गप्प राहिली. “आईला माहितेय?” नाही म्हटलं. तिने काही न बोलता नाणं पुन्हा नळीवर ठेवलं.

रात्री बायकोला सांगितलं. वहीत कालचा आकडा आहे ३१.