नाकेबंदी फोडणाऱ्या कप्तानाचा धर्म

१९ एप्रिल १८६१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी बंडखोर दक्षिणी राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. पहारा सुमारे साडेतीन हजार मैलांच्या किनाऱ्यावर बसवायचा होता आणि सुरुवातीला त्यासाठी पुरेशी जहाजेही नव्हती. दक्षिणेत कापूस उदंड होता, पण तोफा, बंदुका, औषधे, बूट आणि कापड बनवणारे कारखाने अगदी थोडे. या टंचाईवर एक नवा धंदा उभा राहिला. ब्रिटनमधून आलेला माल बर्म्युडा किंवा बहामा बेटांवरील नासाऊ या तटस्थ बंदरांत उतरे. तिथे तो लहान, वेगवान आगबोटींत चढे आणि अंधाऱ्या रात्री पहारा चुकवून विल्मिंग्टन किंवा चार्ल्स्टनला पोहोचे. परतीला कापूस भरलेला असे. आगबोटींना राखाडी रंग दिलेला असे, धूर दिसू नये म्हणून त्या अँथ्रासाइट कोळसा जाळत आणि किनाऱ्याजवळ येताना एकही दिवा लावत नसत. कसलेल्या कप्तानाला एका फेरीचे पाच हजार डॉलर सोन्याच्या नाण्यांत मिळत.

अशा कप्तानाला साहसवीर म्हणण्याची प्रथा जुनी आहे. पण त्याच्या कृत्याची धर्माधर्माच्या कसोटीवर परीक्षा करायची तर तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात: त्याचे कपट, त्याचा नफा आणि त्याचा माल. त्यांपैकी सर्वात जास्त चर्चा कपटाची होते, आणि निर्णय करण्यात सर्वात कमी उपयोगही त्याचाच होतो.

कपटाचा उत्तम नमुना जॉन विल्किन्सन या दक्षिणी नौदल अधिकाऱ्याच्या आठवणींत सापडतो. त्यांची ‘रॉबर्ट ई. ली’ ही आगबोट विल्मिंग्टनहून निघाली असताना उत्तरेच्या युद्धनौकेने तिचा पाठलाग केला. चांगला कोळसा संपत आलेला होता. विल्किन्सन यांनी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापूस भट्टीत घालून वेग टिकवला, आणि सूर्य मावळताच मुद्दाम दाट काळा धूर सोडला. पाठलाग करणारा त्या धुरावर नजर ठेवून असताना धुराडे बंद करून त्यांनी दिशा बदलली. इथे तोंडाने एकही असत्य बोललेले नाही, तरी सगळा डाव समोरच्याचा गैरसमज करून देण्याचाच आहे.

असे कपट पाप ठरते का? जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट यांनी १७९७ मधील एका निबंधात फार कठोर भूमिका घेतली: मित्राचा जीव घ्यायला आलेल्या खुन्याने विचारले तरी खोटे बोलू नये. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण याच्या उलट शिकवण देतो. कौशिक नावाच्या तपस्व्याने सत्यवचनाचे व्रत घेतले होते. दरोडेखोरांपासून पळालेले लोक कुठे लपले, हे त्याने विचारताक्षणी सांगून टाकले. लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात सत्य, अहिंसा, अस्तेय यांचे असे अपवाद पाश्चात्त्य नीतिशास्त्राशी ताडून पाहिले आहेत. दुष्काळात प्राण वाचवण्यासाठी कुत्र्याचे मांस चोरणाऱ्या विश्वामित्राची कथाही तिथे येते. या परंपरेत नियमाचे मोल तो ज्या जीवांचे धारण करतो त्यांच्यावरून ठरते. म्हणून नाकेबंदी फोडणाऱ्याबद्दल विचारायचा प्रश्न असा होतो: या कपटाने कोणाचे रक्षण झाले?

या प्रश्नाची धार चार्ल्स्टन बंदरातल्या एका घटनेने सर्वात स्पष्ट दिसते. १३ मे १८६२ च्या पहाटे रॉबर्ट स्मॉल्स या २३ वर्षांच्या गुलामाने ‘प्लँटर’ ही दक्षिणी लष्कराची आगबोट धक्क्यावरून हलवली. गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेले होते. स्मॉल्स यांनी कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली, वाटेत आपल्या सहकाऱ्यांची बायकापोरे बोटीत घेतली, किल्ल्यांपुढून जाताना नेहमीच्या खुणेच्या शिट्ट्या दिल्या आणि तोफांसह बोट नाकेबंदी करणाऱ्या उत्तरेच्या नौदलाच्या हवाली केली. ते पुढे साउथ कॅरोलायनातून अमेरिकी संसदेवर निवडून गेले. त्याच बंदरातून, त्याच अंधाराचा आडोसा घेऊन कापसाच्या आगबोटी ये-जा करत होत्या. धैर्य दोन्हीकडे होते, फसवणूकही दोन्हीकडे होती, आणि पकडले गेले असते तर स्मॉल्स यांना भोगावी लागणारी शिक्षा कोणत्याही ब्रिटिश कप्तानापेक्षा कितीतरी भयंकर असती. तरीही या दोन प्रवासांना एकाच मापाने मोजणे अन्याय आहे. एक प्रवास माणसांना गुलामीतून बाहेर नेत होता. दुसरा सुमारे ३५ लाख माणसांना गुलामीत ठेवणाऱ्या सत्तेला रसद पुरवत होता.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत. मन, प्राण आणि इंद्रिये यांना अढळ योगाने सावरते ती सात्त्विक; फळाची आसक्ती धरून धर्म, काम व अर्थ यांना धरून राहते ती राजस; भय, शोक, गर्व सोडत नाही ती तामस. संकटात हात न थरथरणे एवढ्यावरून गीता कोणाला मोठेपण देत नाही. ही विभागणी या विषयात फार मोलाची आहे, कारण नाकेबंदी फोडणाऱ्यांची बहुतेक वर्णने निर्भयतेपाशी येऊन थांबतात.

ऑगस्टस चार्ल्स हॉबार्ट-हॅम्पडेन यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ते बकिंगहॅमशायरच्या अर्लचे पुत्र आणि ब्रिटिश नौदलाचे अधिकारी. तरुणपणी ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्यांनी गुलामांची वाहतूक करणारी जहाजे पकडली होती. १८६३-६४ मध्ये ‘कॅप्टन रॉबर्ट्स’ या नावाखाली त्यांनी ‘डॉन’ या आगबोटीतून विल्मिंग्टनची नाकेबंदी पुन्हा पुन्हा ओलांडली. एका दक्षिणी स्त्रीने तिकडे चोळीवजा कॉर्सेटची टंचाई असल्याचे सांगितले. तेव्हा शिलिंगभर किमतीचे हजार कॉर्सेट नेऊन त्यांनी ते बारा शिलिंगला एक असे विकले आणि हे स्वतःच आनंदाने लिहून ठेवले. पुढे ते ऑटोमन सुलतानाच्या नोकरीत गेले. क्रीटमधील बंडखोरांना रसद नेणारी ग्रीक जहाजे अडवण्याचे काम त्यांनी केले आणि ‘हॉबार्ट पाशा’ म्हणून ते प्रसिद्ध झाले. गुलामांच्या व्यापाऱ्यांचा शिकारी, गुलामधारकांचा पुरवठादार आणि मग पुरवठा तोडणारा, अशा तिन्ही भूमिका एकाच माणसाने सारख्याच कौशल्याने पार पाडल्या. कौशल्याला स्वतःची दिशा नसते, याला याहून ठळक पुरावा मिळणे कठीण. गीतेच्या भाषेत ही धृती राजस आहे.

नफ्याबद्दल दक्षिणी सरकारचाच अनुभव बोलका आहे. २ एप्रिल १८६३ रोजी रिचमंडमध्ये भुकेल्या स्त्रियांनी दुकाने फोडली. भुकेला नाकेबंदी हे एकच कारण नव्हते. महागाई, मोडकळलेली रेल्वे आणि लष्कराची धान्यजप्ती यांचाही त्यात वाटा होता. पण त्याच काळात आगबोटींतून रेशीम आणि उंची मद्ये येत होती, कारण त्यांत पैसा जास्त सुटे. शेवटी ६ फेब्रुवारी १८६४ रोजी दक्षिणी काँग्रेसला चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कायद्याने बंदी घालावी लागली. “आम्ही उपाशी लोकांसाठी जीव धोक्यात घालतो” हा व्यापारी कप्तानांचा दावा इथे टिकत नाही.

नाकेबंदीचा पैसा कप्तानांपुरताही राहिला नाही. अमेरिकी कापूस थांबल्याने लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे मोर्चा वळवला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद या काळातले सर्वात मोठे सट्टेबाज. त्यांच्याच देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि शेकडो पेढ्या बुडाल्या. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी कोणाला फसवून पहारा ओलांडला नव्हता, तरी त्यांचा लाभ त्याच युद्धातून आला होता. याच्या उलट बाजूला मँचेस्टरचे कामगार होते. कापसाअभावी त्यांच्या चुली विझल्या होत्या. तरीही ३१ डिसेंबर १८६२ च्या सभेत त्यांनी गुलामीविरोधी धोरणाला पाठिंबा देणारे पत्र लिंकन यांना पाठवले आणि लिंकन यांनी जानेवारीत कृतज्ञतेचे उत्तर धाडले. ज्यांना नाकेबंदीची सर्वाधिक झळ बसत होती, त्यांच्यातल्याच कित्येकांनी ती मोडावी असे म्हटले नाही. या सगळ्या प्रकरणातले नैतिक उंचीचे स्थान त्यांचे आहे.

आता माल. अंगुत्तर निकायात बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रे, माणसे, मांस, मद्य आणि विष. त्यांतले पहिले दोन या युद्धात एकमेकांत गुंतलेले होते. इतिहासकारांच्या अंदाजानुसार नाकेबंदी ओलांडून दक्षिणेत सुमारे चार लाख रायफली आल्या. डच विचारवंत ह्यूगो ग्रोशियस यांनी १६२५ मधील ग्रंथात मालाचे तीन वर्ग केले होते: केवळ युद्धाला उपयोगी, युद्धाला निरुपयोगी आणि दोन्हीकडे चालणारा, जसे अन्न, पैसा, जहाजे. तिसऱ्या वर्गाचा निर्णय त्यांनी परिस्थितीवर सोडला. वेढा पडला आहे आणि शरणागती जवळ आहे हे माहीत असूनही जो रसद नेतो, तो त्या नुकसानीला जबाबदार ठरतो असे त्यांचे मत. या विचारात एक मोठी उणीव आहे: वेढ्यातल्या मुलाची भूक त्यात मोजलेलीच नाही. १८६३ मध्ये लिंकन सरकारने काढलेल्या लीबर संहितेनेही शत्रू लवकर नमावा म्हणून सशस्त्र आणि निःशस्त्र दोघांनाही उपाशी ठेवणे कायदेशीर मानले. गुलामी मोडणाऱ्या न्याय्य पक्षानेही हे मान्य करावे, ही गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही.

अन्नाचा प्रश्न वेगळा आहे हे १९३७ च्या बिल्बाओत दिसले. स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोच्या नौदलाने निर्वासितांनी भरलेल्या या बास्क शहराची नाकेबंदी केली आणि ब्रिटिश सरकारने आपल्या जहाजांना तिकडे न जाण्याचा सल्ला दिला. ‘सेव्हन सीज स्प्रे’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज रात्री फ्रान्समधील सँ-झाँ-द-लूझ बंदरातून निघाले आणि २० एप्रिलच्या सकाळी खाद्यपदार्थ घेऊन बिल्बाओत शिरले. काठावर लोकांची झुंबड उडाली. जहाजमालकांना भाडे मिळाले असेलच, पण त्यामुळे त्या अन्नाचा धर्म बदलत नाही. सहाच दिवसांनी गेर्निकावर बॉम्ब पडले आणि १९ जूनला बिल्बाओही पडले. अन्न पोहोचल्याने युद्धाचा निकाल फिरला नाही; मधल्या दोन महिन्यांत माणसे जेवली.

कायद्याला हा फरक मान्य करायला वेळ लागला. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलमधील ५४ व्या कलमाने नागरिकांची उपासमार हे युद्धाचे साधन म्हणून निषिद्ध ठरवले. १९९४ च्या सान रेमो नियमावलीनुसार केवळ उपासमारीसाठी केलेली नाकेबंदी अवैध आहे, आणि नागरिकांना अन्न अपुरे पडत असेल तर नाकेबंदी करणाऱ्याने ते जाऊ दिले पाहिजे. जहाजाची तपासणी करण्याचा हक्क मात्र त्याला राहतो. ही मांडणी धर्मदृष्टीनेही योग्य आहे. शस्त्रे लपवून तपासणी टाळणाऱ्या कप्तानाला अन्नाचे नाव पुढे करण्याचा अधिकार नाही. आणि तपासणीनंतरही पोराबाळांचे धान्य अडवले गेले, तर दिवे विझवून ते नेणाऱ्या कप्तानाला दोषी म्हणण्याचा अधिकार अडवणाऱ्याला उरत नाही.