आधी भाकर

भूक म्हणजे तृष्णा, ती सोडा, असं उपदेशक सांगतात. मला नाही पटत. रात्रपाळीत साच्यावर उभं असताना पोट पिळवटतं, ती काय हाव झाली? शेठची हाव नि माझी भूक एका तागडीत कशी घालता? सिद्धार्थानं सहा वर्षं देह जाळून पाहिला. सुजातेची खीर खाल्ली, मग बोधी.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीचा एक गरीब शेतकरी आहे. हरवलेला बैल शोधून उपाशीच आला. तोवर बुद्ध गप्प बसून. आल्यावर आधी त्याला जेवू घालायला लावलं, मगच धम्म सांगितला. गडी तिथंच स्रोतापन्न झाला! पुढं वाटेत भिक्षू कुरकुरले, एका माणसाच्या जेवणाची एवढी काळजी कशाला म्हणून. ते स्वतः जेवून निघाले होते.