टर्बो बदलण्याआधी

नांदेड, रविवार



काल रात्री फोनवर तू घाईत होतास. गिऱ्हाईक समोर उभं होतं, गाडी उद्याच पाहिजे म्हणत होतं, आणि तू पुण्याहून जुना टर्बो मागवायच्या बेतात होतास. ती ऑर्डर आधी थांबव. मग हे पत्र निवांत वाच. फोनवर हे सगळं सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

गाडी ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्ती. २००४च्या सुमारास ती आपल्याकडे आली, म्हणजे आता तिला वीसहून जास्त वर्षं झाली. ऑक्टाव्हिया आपल्याच मराठवाड्यात, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जायची. पण आपल्या गॅरेजवाल्यांच्या हाताला टर्बोची सवय लागली ती डिझेलमुळे, आणि तुझी पहिली अडचण तिथेच आहे. तू शिकलास त्या बहुतेक डिझेल गाड्यांत टर्बोची पाती व्हॅक्यूमच्या ओढीनं हलतात. व्हॅक्यूमची नळी निसटली की पाती सैल पडतात आणि पिकअप जातो. या पेट्रोल गाडीत उलटं आहे. वेस्टगेटचं झाकण स्प्रिंगनं बंद असतं आणि टर्बोचाच दाब त्याला उघडतो. त्याची नळी निसटली तर दाब कमी होत नाही, भलताच वाढतो. मग इंजिन वाचवायला कॉम्प्युटर थ्रॉटल आवळतो, गाडी झटका देऊन बसते, आणि आपण म्हणतो टर्बो गेला. म्हणून गिऱ्हाईकाला नीट विचार. गाडी सुरुवातीपासूनच ओढत नाही, की जोरात उसळून एकदम मरते? या एका प्रश्नानं अर्धं काम होतं.

तुझ्या स्कॅनरवर १७७०५ हा कोड आला म्हणालास. त्यात तू ‘टर्बो’ हा शब्द वाचलास आणि थांबलास. पुढचंही वाच. टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामधल्या जोडणीत दाब पडतोय, एवढंच तो कोड सांगतो. टर्बो खराब आहे असं त्यानं कुठंच म्हटलेलं नाही.

आता आकडे बघ. किल्ली ऑन कर, इंजिन चालू करू नकोस. दाबाचा सेन्सर तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबईत १०१०च्या आसपास मिलिबार दिसतील, इथं गोदाकाठी ९७०, आणि तुमचं लातूर बालाघाटच्या पठारावर, म्हणून ९५०च्या आगेमागे. तिथं भलताच आकडा दिसला तर सेन्सर खोटं बोलतोय, पुढचं सगळं त्यानंतर. आकडा बरोबर असेल तर ग्रुप ११५ उघड. त्यात मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी दिसतात. औशाच्या रस्त्याला पहाटे जा, तिसऱ्या गिअरमध्ये २०००पासून ५०००पर्यंत पूर्ण रेस दे, आणि लॅपटॉप दुसऱ्याच्या मांडीवर असू दे. एका हाताने स्टिअरिंग धरून आकडे वाचायचे नाहीत. उसाचा हंगाम असेल तर जाऊच नकोस. मागचा दिवा नसलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही, आणि तुझ्या आईला तोंड दाखवायची हिंमत माझ्यात नाही.

मिळालेला दाब १२५०-१३००पाशी येऊन सपाट राहिला, तर गाडी नुसत्या वेस्टगेटच्या स्प्रिंगवर चालली आहे असं समज. वेस्टगेटकडे जाणारा दाब आवरणारा एन-७५ वॉल्व्ह, त्याचा प्लग, त्याच्या तीन नळ्या बघ. कॉम्प्युटर एन-७५ला ९५ टक्क्यांपर्यंत ताणतोय आणि तरी दाब चढत नाही, तर हवा कुठंतरी बाहेर जाते आहे किंवा वेस्टगेटचं झाकण पूर्ण बसत नाही. पण एन-७५ ताणलाच जात नसेल, तर कॉम्प्युटर स्वतःच हात आखडता घेतोय. मग पाइप चाचपण्यात दिवस घालवू नकोस, त्याला भीती कशाची वाटते ते शोध.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती मला अजून खुपते. लोह्याहून एक शिक्षक हेच इंजिन असलेली गाडी घेऊन आले होते. पिकअप नाही, काळा धूर, आयडलला गाडी थरथरते. मी शाफ्टला बोट लावलं, थोडं हललं, आणि टर्बो बदलायला सांगितला. त्यांनी कर्ज काढून पैसे दिले. गाडी होती तशीच राहिली. चार दिवसांनी इनटेकच्या पोटाखाली हात घातला तेव्हा क्रँककेसच्या ब्रीदरचा रबरी कोपरा हाताला लागला. तेलानं फुगून मऊ पडलेला, आणि खालच्या अंगाला बोट जाईल एवढी चीर. ते भोक आयडलला हवा आत ओढत होतं आणि रेस दिली की त्यातूनच दाबाची हवा परत फिरत होती. एकच चीर, पण एका वेळी मिश्रण पातळ करणार आणि दुसऱ्या वेळी घट्ट. थरथर आणि काळा धूर एकत्र दिसले की मला आजही तो कोपरा आठवतो. शाफ्टचं म्हणशील तर आडवं किंचित हलणं चालतं, तेल नसताना ते हलतंच. पुढे-मागे हललं किंवा पाती घराला घासल्याची खूण दिसली, तरच तो टर्बो गेला. हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. मजुरी मी परत केली. टर्बोचे पैसे मात्र त्यांचे गेले ते गेलेच.

म्हणून आधी दाब भरून बघ. मी प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसीची टोपी आणली, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवला. एअरमास सेन्सरच्या पुढचा, टर्बोकडे जाणारा पाइप सोडवायचा, त्यात टोपी घालून क्लिप आवळायची आणि कंप्रेसरनं हळूहळू अर्धा बार भरायचा. त्याच्या वर जायचं नाही. भरण्याआधी ब्रीदरचं तोंड बंद कर, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये शिरते आणि ऑइल सील बाहेर ढकलते. मग गॅरेजमधला पंखा बंद, रेडिओ बंद, आणि ऐकत राहायचं. साबणाचं पाणी ब्रशनं लाव. इंटरकूलर उजव्या पुढच्या चाकाच्या कमानीत आहे, चिखल-दगड तोच खातो. त्याच्या खालच्या होजपाइपच्या सांध्यावर तेलकट माती चिकटलेली दिसली तर बुडबुडे बहुधा तिथेच येतील. इंजिनचा एखादा वॉल्व्ह उघडा थांबला असेल तर सायलेन्सरमधून फुसफुस येते, तिला घाबरू नकोस. क्रँक थोडा फिरव.

मग डायव्हर्टर वॉल्व्ह काढून हातात घे. आतला दट्ट्या बोटानं दाब, वरच्या नळीचं तोंड अंगठ्यानं बंद कर आणि दट्ट्या सोड. तो तिथंच धरून राहिला तर डायफ्राम धड आहे. हळूहळू खाली आला तर फाटला आहे. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि तिला एक पैसा लागत नाही.

आणि उंदीर. सोयाबीन निघालं की शेतातले उंदीर गावात येतात, उभ्या गाडीत शिरतात, बारीक नळ्या कुरतडतात. गिऱ्हाईकाची गाडी आखाड्यावर उभी असते का, विचार.

एवढं करून सगळं धड निघालं, तर वेस्टगेटचा दांडा हातानं हलतो का, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय का, ते बघ. टर्बोला दोष द्यायचा तो त्यानंतर. आणि तेव्हासुद्धा नवा टर्बो चढवण्याआधी तेलाची नळी काढून आतून बघ. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो तो तेलाच्या पातळ थरावर. नळीत जळकं तेल साचलेलं असेल तर नवाही महिन्याभरात जाईल.

गिऱ्हाईकाला खरं सांग की अजून दोन दिवस लागतील. रागावेल. रागावू दे.

टोपी आणि दोन मोठ्या क्लिपा उद्या सकाळच्या लातूर एसटीच्या पार्सलनं पाठवतो, स्टँडवर जाऊन घे. दाब भरला की ११५च्या आकड्यांचा फोटो पाठव, रात्री कितीही वाजले तरी. आणि टोपी पुढच्या आठवड्यात परत पाठव, इथं एक पोलो उभी आहे.

तुझा मामा