खजिन्याखालच्या चिंध्या

वाचकहो, जुने कपडे कोणास देऊन टाकले म्हणजे आपण दान केले असे म्हणावे, की केवळ कपाट रिकामे केले असे म्हणावे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण नाताळापूर्वी घराघरांतून जी गाठोडी बाहेर पडतात, ती एकदा उघडून पाहिल्यावर तो तितकासा क्षुल्लक राहत नाही. हल्ली या प्रश्नाला एक नवे उत्तरही मिळाले आहे. टाकाऊ कापडाचे पुन्हा सूत, त्या सुताचे पुन्हा कापड, असे चक्र चालू ठेवले की काहीच वाया जात नाही, असे उद्योगजगतातील जाणते सांगतात. त्यास 'चक्रीय अर्थव्यवस्था' असे भारदस्त नाव आहे. नाव नवे, गोष्ट जुनी. आणि ती समजून घ्यावयाची तर कोलकात्याकडे वळावे.

बंगालात जीर्ण साड्या व धोतरे एकावर एक अंथरून, साड्यांच्याच काठांतून ओढून काढलेल्या रंगीत दोऱ्यांनी साधा धावदोरा घालीत जे पांघरूण शिवतात, त्यास कांथा म्हणतात. आपल्या गोधडीची, वाकळीची ही सख्खी बहीण. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) या सनदी अधिकाऱ्याने खेडोपाडी हिंडून अशा कांथा जमविल्या. त्यांच्या नावाचे संग्रहालय शहराच्या दक्षिणेस जोका येथे उभे राहिले. त्या संग्रहात मानदासुंदरी नामक स्त्रीने एकोणिसाव्या शतकात आपल्या पित्यासाठी शिवलेली एक कांथा आहे. शिपाई, जमीनदार, राणीच्या छापाची नाणी, असे अवघे जग तिने त्या जुन्या कापडावर उतरविले. परंतु मला त्याहून मोलाची वाटते ती एक साधी रीत. तान्ह्या बाळास गुंडाळावयास तेथे जुन्या कापडाचीच कांथा घेत, कारण शेकडो वेळा धुतलेल्या सुताइतके मऊ दुसरे काही नसते. आपल्याकडेही आजीचे लुगडे विरले की त्याचे दुपटे होई, दुपट्याची गोधडी, गोधडीचे पोतेरे, आणि उरलेल्या चिंधीचा काकडा. त्या चिंधीतून आणखी काही काढावे असे काही उरतच नसे.

कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीच्या काठी, श्रीरामपूर आहे. तेथेच विल्यम केरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८११ मध्ये मराठी नवा करार छापिला, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. लाकडाच्या लगद्याचा कागद तेव्हा कोठेच प्रचारात आला नव्हता. जगभर कागद होई तो फाटक्या कापडाचा, जुन्या दोरखंडांचा, झाडांच्या सालींचा. जुन्या ग्रंथांच्या पानांत कोणाकोणाची अंगवस्त्रे मुरली असतील, कोण जाणे!

आता आजचे चित्र पाहा. कांथा कोलकात्याच्या दुकानांत मिळते, पण बहुधा नव्या कोऱ्या तसर रेशमावर. टाका राहिला, चिंधी गेली. त्यामुळे अनेक स्त्रियांच्या हाताला काम मिळाले, तेव्हा तक्रार करण्याचे कारण नाही. तरी गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. मेटियाब्रूजमध्ये, जेथे १८५६ साली अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह आला आणि आज जेथे तयार कपडे शिवणाऱ्यांची मोठी वस्ती आहे, तेथे कापणीच्या मेजाखाली कातरणाचे ढीग पडतात. त्यांत टेरिकॉट असते, म्हणजे सूत व पॉलिएस्टर यांचे असे मिश्रण, की ते पुन्हा वेगळे करणे फार अवघड. निव्वळ सुती कापड यंत्रात पिंजले तरी तंतू तुटून आखूड होतात, आणि नव्या कापसाची जोड दिल्याविना चांगला धागा निघत नाही. एलेन मॅकार्थर प्रतिष्ठानाने २०१७ साली दिलेल्या हिशेबाप्रमाणे, कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मालापैकी शेकडा एकाहूनही कमी भाग पुन्हा नव्या कपड्यांत उतरतो. चक्र म्हणतात खरे, पण त्याला भोके फार!

आणि हे चक्र आपोआप फिरत नाही. हरियाणातील पानिपत येथे परदेशांतील जुने लोकरी कपडे जहाजांनी येत. ते रंगांप्रमाणे निवडून, बटणे व चेन कापून, पिंजून, त्यांच्या सुताची स्वस्त कांबळी होत. भूकंपात, पुरात वाटल्या जाणाऱ्या कांबळ्यांपैकी पुष्कळ तेथलीच. उत्तम काम. पण ती बटणे पात्यावर कापणाऱ्या बायका दिवसभर लोकरीच्या धुरळ्यात बसतात. दूर देशी ज्याने तो कोट फारसा न घालताच टाकला, त्याच्या मनास मात्र समाधान, की वस्तू सत्कारणी लागली. पुनर्वापराचे आश्वासन हाताशी असले की दुसरा कोट घेताना हात अडखळत नाही. मला भीती वाटते ती या समाधानाची.

यिर्मयाच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायातील एक बारीक प्रसंग आपण बहुधा भरभर वाचून जातो. संदेष्ट्यास चिखलाच्या विहिरीत टाकले आहे. राजवाड्यातला परदेशी सेवक एबद-मलेख कूशी त्यास काढावयास निघतो. माणसे आणि दोर एवढ्याने काम भागले असते. पण तो आधी खजिन्याखालच्या खोलीत जातो, तेथील फाटकीतुटकी वस्त्रे व चिंध्या घेतो, त्या दोराने खाली सोडतो, आणि बगलेत धरून वरून दोर घेण्यास सांगतो. उपासाने खंगलेल्या अंगाला दोर काचेल, हे त्याच्या आधी ध्यानात आले. राजाचा खजिना वर होता. त्या दिवशी उपयोगी पडले ते खालचे. बाळाची कांथा शिवणारी आईही याच हिशेबाने चाले: आधी अंग, मग कापड.

आपल्या गाठोड्याचा हिशेब बहुधा उलटा असतो. आधी कापड, अंग कोणाचे, ते आपण विचारीतही नाही. म्हणून तुटलेले बटण तसेच, डाग तसाच, उसवलेली शिवण तशीच. घेणाऱ्यास चालेल, असे आपणच ठरवितो.

कोलकात्याजवळ तिटागढ येथे, मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या गांधीजी प्रेम निवासात, कुष्ठरोगी व त्या रोगातून बरी झालेली माणसे मागांवर पांढऱ्या, निळ्या काठांच्या साड्या विणतात. त्या सर्व भगिनी त्याच साड्या नेसतात. प्रत्येकीजवळ तीन: एक अंगावर, एक धुण्यात, एक घडीत. फाटली की रफू. चौथी ठेवावयास जागा नाही, आणि देऊन टाकावयाचे गाठोडेही नाही.